किरणोपचार आणि त्वचेची परिचर्या

कर्करोगावरील उपचारांत शस्त्रक्रिया व औषधे यांच्या बरोबरीने किरणोपचारांना महत्त्वाचे स्थान आहे. हे उपचार बहुधा आठवड्यातून ५ दिवस, याप्रमाणे कित्येक आठवडे चालतात. किरण त्वचेतूनच आत जात असल्याने तेथील त्वचेला काही प्रमाणात इजा पोहोचते. 'कातडी जळाली' या भीतीने काही रुग्ण उपचार अर्धवट सोडतात. मध्येच खंड पडल्यास मात्र उरलेल्या रोगपेशींना पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो. म्हणूनच त्वचेची योग्य परिचर्या हा उपचारांचाच एक भाग होय.

इजा कशी होते?

त्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होऊन वर सरकतात व झडणाऱ्या पेशींची जागा घेतात. किरणांमुळे तळाच्या पेशींची वाढ खुंटते. त्यामुळे इजा विस्तवाच्या भाजण्याप्रमाणे तत्काळ न दिसता साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जाणवू लागते. गोऱ्या त्वचेवर लाली दिसते. आपल्याकडील सावळ्या त्वचेवर ती सहसा लक्षात येत नाही. काळसरपणा, आग, खाज व स्पर्शाला जाणवणारी उष्णता यांवरूनच ती ओळखावी लागते. पुढे पापुद्रे सुटतात. मान, काख, स्तनाखालील घडी व जांघ येथे घाम व घर्षण यांमुळे त्वचा सोलून ओलसरही होते. उपचार संपल्यावर आठवडा-दोन आठवडे त्रास वाढू शकतो. त्यानंतर बहुतेकांची त्वचा काही आठवड्यांत भरून येते.

घरची काळजी

या जागेला पाणी लावू नये, असे पूर्वी सांगितले जाई. आता कोमट पाणी व सौम्य साबण यांनी हलक्या हाताने स्वच्छता राखण्याचा सल्ला देतात. मात्र उपचारासाठी आखलेल्या खुणा पुसू नयेत. अंग न घासता मऊ कापडाने टिपून घ्यावे. सैल सुती कपडे वापरावेत. ऊन, शेक, बर्फ व वस्तरा टाळावा. हळद, चुना, राख, वेदनाशामक बाम किंवा कोणताही घरगुती लेप लावू नये. मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावावे. तंबाखू वर्ज्य करावी, कारण तिच्यामुळे जखम भरण्यास विलंब लागतो.

त्वचा ओलसर झाल्यास परिचारिकेने निर्जंतुक सलाईनने ती धुऊन जखमेला न चिकटणारी पट्टी ठेवावी. दुखऱ्या त्वचेवर चिकटपट्टी लावू नये. ताप, पू, दुर्गंधी, रक्तस्राव किंवा वाढती वेदना आढळल्यास रुग्णास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. उपचार थांबवावयाचे की नाही, हा निर्णय त्यांचाच असावा.

गावाची जबाबदारी

बाहेरून यंत्राद्वारे किरण घेतलेल्या रुग्णाच्या अंगात ते राहत नाहीत. त्यामुळे त्याच्याजवळ बसण्याने, जेवण्याने किंवा मुलांना त्याच्याकडे सोडण्याने कोणताही अपाय होत नाही. तरीही गैरसमजापोटी अशा रुग्णास वेगळे ठेवले जाते. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हा गैरसमज दूर करावा. उपचार अर्धवट सोडून परतलेला रुग्ण आढळल्यास त्याची आस्थेने विचारपूस करून त्याला पुन्हा रुग्णालयात पाठवावे. त्वचेवरील इजा बहुधा भरून निघते. अर्धवट राहिलेल्या उपचारांची हानी मात्र भरून निघेलच असे नाही.