चित्रांच्या गोष्टी (लेखांक ६) : राजा कुठला?

ठाण्यात टेंभी नाक्यावर लहानाचं मोठं झालेलं, आता साठीला टेकलेलं कुणी भेटलं तर त्यांना विक्रम-वेताळाची एक अख्खी गोष्ट सांगायला लावा. बहुतेक जण मध्येच अडखळतील. चित्र मात्र घडाघडा सांगतील: खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार आणि ताडताड निघालेला राजा.

हे चित्र शंकर यांचं, म्हणजे के. सी. शिवशंकरन् (१९२४–२०२०) यांचं. ते ज्यात यायचं ते मद्रासचं ‘चंदामामा’ मासिक १९४७ साली सुरू झालं, शंकर तिथे १९५२मध्ये रुजू झाले. मराठीत त्याच मासिकाचा ‘चांदोबा’ झाला. अनेक भाषांतल्या आवृत्त्या, पण चित्रं एकच. बदलायचा तो फक्त मजकूर. त्यामुळे ठाण्यातलं पोर आणि तमिळनाडूतलं पोर एकाच राजाकडे पाहत होतं. नीट न्याहाळलं तर महालाचे खांब, दागिने, देवळं अस्सल दाक्षिणात्य. आपल्याला ते कधी खटकलं नाही. उलट, राजा म्हटला की असाच असायचा, हे आपण त्या चित्रांवरूनच ठरवून टाकलं. शिवाजी महाराजांच्या मुलखातल्या मुलांच्या मनातला गोष्टीतला राजा मद्रासहून आला, याची मला अजून गंमत वाटते.

शंकर यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली ती २०२१ची. त्याच यादीत कुडाळजवळच्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे होते. ठाकर समाजातल्या चित्रकथी परंपरेचे ते कलावंत. या परंपरेत पोथी असते ती सुट्या चित्रांची. एकेक पान प्रेक्षकांसमोर उभं धरायचं आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर रामायण-महाभारतातला तो प्रसंग गाऊन सांगायचा. मजकूर सगळा गाणाऱ्याच्या मुखात. राम रागावला की दमला, हे त्याच्या आवाजावरून कळायचं. चित्रातला राम जागचा हलत नाही. छापील पुस्तकात तो आवाज गेला, आणि रागावण्या-दमण्याचं काम चित्रकाराच्या अंगावर पडलं. शंकर यांचा राजा चालताना दिसतो तो म्हणूनच.

आजच्या मराठी पुस्तकांत मला सगळ्यांत जवळची वाटतात ती माधुरी पुरंदरे यांची. त्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या; लिहितातही त्याच, काढतातही त्याच. लेखक आणि चित्रकार एकच असला की चित्रात दिसतं ते वाक्यात पुन्हा सांगावं लागत नाही, आणि मजकूर आपोआप आटोपशीर होतो. ‘राधाचं घर’ किंवा यशच्या गोष्टी उघडा: राजा नाही, वेताळ नाही. आपल्यातलीच माणसं, आपल्यासारखंच घर. मद्रासच्या महालातून आपण आपल्या स्वयंपाकघरात आलो, आणि मला तरी ही बढतीच वाटते.

जुन्या चित्रांची हौस असेल त्यांनी बालभारतीच्या ‘किशोर’चे अंक चाळावेत. १९७१पासूनचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत खुले केले आहेत.

पुढच्या आठवड्यात ‘अमर चित्र कथा’: राम वाईरकर आणि पुण्याचे प्रताप मुळीक.