पॉवर ऑप-अँप नेमका कशाने उडतो?

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी ७४१ वापरलेला असतो. त्याचं आउटपुट शॉर्ट झालं तरी तो सहसा वाचतो, कारण आतलं करंट लिमिटच जेमतेम २५ मिलिअँपिअरचं असतं. संशोधनात चुंबकाची कॉइल चालवायची वेळ आली की ओपीए ५४८ सारखा ३ अँपिअरचा पॉवर ऑप-अँप लागतो, आणि तिथे ही निर्धास्त सवय नडते. लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) ७४१ सुट्ट्या पैशांत मिळतो, पॉवर ऑप-अँपसाठी मात्र दुकानं पालथी घालावी लागतात, नाहीतर खरेदीची फाइल आणि मग वाट बघणं. प्रयोग तेवढे दिवस बंद.

"करंट मर्यादेत आहे ना, मग झालं!" हा पहिला गैरसमज. समजा कॉइल ४ ओहम, १०० मिलिहेन्रीची आहे, सप्लाय ±२४ व्होल्ट आणि करंट २ अँपिअर. कॉइलवर फक्त ८ व्होल्ट पडतात. उरलेले १६ व्होल्ट ऑप-अँपवर. म्हणजे कॉइलमध्ये १६ वॉट आणि चिपमध्ये ३२ वॉट! हीटसिंक धरून एकूण औष्णिक रोध ३ अंश प्रति वॉट असेल, तर चिप खोलीपेक्षा ९६ अंशांनी तापणार. मे महिन्यात एसी बंद पडला तर हिशोब तुम्हीच करा. हाच सप्लाय ±१५ केला तर १४ वॉटवर भागतं. कॉइलमधला करंट झटपट बदलायचा नसेल, तर माझ्या मते सर्वात स्वस्त संरक्षण हेच.

आता खरा मारेकरी. कॉइलमधला करंट एका क्षणात थांबत नाही. तुम्ही आउटपुट अचानक उलट्या दिशेला नेलंत, तरी करंट आधीच्याच दिशेने वाहत राहतो आणि आउटपुटला ऋण सप्लायच्याही खाली खेचतो. म्हणून आउटपुटपासून दोन्ही सप्लायना एकेक जलद डायोड लावतात, एरवी उलटे बायस राहतील असे. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण डायोडमधून गेलेली ऊर्जा जाते कुठे? बेंचवरचा साधा पॉवर सप्लाय करंट देतो, परत घेत नाही. ती ऊर्जा, आपल्या कॉइलसाठी ०.२ ज्यूल, सप्लायच्या कपॅसिटरमध्ये साठते. तिथे २२० मायक्रोफॅरड असेल, तर तारेतला क्षय सोडून ऋण सप्लाय -२४ वरून -४९ पर्यंत जातो. दोन्ही सप्लायमध्ये ७३ व्होल्ट, आणि ओपीए ५४८ ची मर्यादा ६०. डायोड लावूनही चिप गेली! २२०० मायक्रोफॅरड लावलात तर तोच सप्लाय साधारण -२७.५ ला थांबतो. शिवाय दोन्ही सप्लायवर टीव्हीएस डायोड असावाच.

करंट लिमिट गरजेपेक्षा थोडंच वर ठेवा, थेट ३ अँपिअरवर नको. आतलं थर्मल शटडाउन हळू तापण्यापासून वाचवतं, व्होल्टेजच्या झटक्यापासून नाही. आणि ओपीए ५४८ ची धातूची पाठ ऋण सप्लायला जोडलेली असते. हीटसिंक चॅसीला टेकत असेल तर मध्ये मायका हवाच.

पहिल्यांदा चालू करताना कॉइल काढून ४ ओहमचा वॉटेज असलेला रोध लावा, करंट लिमिट खाली ठेवा. मग कॉइल जोडा आणि ऑसिलोस्कोपचा एक प्रोब आउटपुटवर न लावता ऋण सप्लायवर लावून बघा.