संगणक चालतो आहे, तरी लिनक्स बदलावे काय?

पोहरादेवीसारख्या गावात विहारातील अभ्यासिकेला कुणी जुना संगणक दिला, की पोरे त्यावर उबुंटू हे फुकट मिळणारे लिनक्स टाकतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे महाडीबीटीवरील अर्जही मग त्यावरच भरले जातात.

त्यातील २०.०४ या आवृत्तीच्या सुरक्षेची नेहमीची दुरुस्ती मे २०२५ मध्ये बंद झाली. "चालते आहे ना, मग हात कशाला लावता?" असे वडीलधारे म्हणतात. पण जिथे मुलांचा आधार क्रमांक अन् बँक खाते टाइप होते, ते यंत्र उघडे ठेवणे मला पटत नाही.

अर्जाची शेवटची तारीख तोंडावर असेल तर उबुंटू प्रोची नोंदणी करावी. ती पाच संगणकांपर्यंत मोफत आहे, दुरुस्त्या २०३० पर्यंत मिळतात. आवृत्ती नंतर बदलावी. २०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येत नाही, मध्ये २२.०४ चा टप्पा लागतो. दोन्ही वेळा मोबाईलचा डेटा खूप जातो, आणि लाईट मध्येच गेली (आपल्याकडे जातेच!) तर यंत्र सुरू होईलच असे नाही. त्यापेक्षा फाइली दुसरीकडे उतरवून पेन ड्राइव्हवरून २४.०४ नव्याने टाकलेले बरे. रॅम चार जीबीहून कमी असल्यास हलके लुबुंटू टाकावे.