साहेबांच्या पार्टीला जायचंय, साडी कुठली नेसू?

 

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील, पण हा प्रश्न घरोघरी आहे. नवरा चाकणला, रांजणगावला, शिरवळला नाहीतर वाळूजला कंपनीत कामाला असतो. कुणाचा साखर कारखान्यात, कुणाचा बँकेत शिपाई, कुणाचा शाळेत शिक्षक. वर्षातून एकदा तिथून निमंत्रण येतं, रात्रीचं जेवण आहे, सहकुटुंब या. तो घरी येऊन सांगतो आणि आपल्या पोटात गोळा येतो. तिथं साहेबांच्या बायका येणार, शहरातल्या बायका येणार. मग शंभरातल्या कितीतरी जणी म्हणतात, "मला नको बाई, तुम्हीच जाऊन या." खरं कारण एकच असतं, नेसायचं काय?

कपड्यापायी घरी बसायचं नाही, म्हणून आज हा विषय घेतलाय. आणि कपड्यापायी कर्जही काढायचं नाही. या दोन्हींच्या मधली वाट बघू.

कपाट उघडायच्या आधी नवऱ्याला चार गोष्टी विचारा. जेवण कुठं आहे, हॉलमध्ये की उघड्या हिरवळीवर? बसून जेवायचं की हातात ताट घेऊन उभ्यानं? जायचं कशानं, कंपनीच्या बसनं, एसटीनं की मोटारसायकलवर? आणि परत यायला किती वाजतील? या चार उत्तरांवर अर्धी साडी ठरते.

निमंत्रणावर कधी 'ट्रॅडिशनल' लिहिलेलं असतं. म्हणजे आपला पारंपरिक वेश, साडी. 'फॉर्मल' लिहिलं असेल तर नीटनेटकं, फार भडक नको. साडी त्यातही चालते. 'कॅज्युअल' म्हणजे साधं, रोज बाहेर जाताना घालतो तसं. पंजाबी ड्रेसही चालेल. काहीच लिहिलं नसेल तर गेल्या वर्षी जाऊन आलेल्या एखाद्या बाईला फोन करा. पुरुषांना विचारून उपयोग नाही. त्यांना जेवणात काय होतं ते आठवतं, बायकांनी काय नेसलं होतं ते आठवत नाही.

आता साड्या. एक सोपी खूण सांगते. लग्नातल्या नवरीसारखं दिसायचं नाही आणि बाजाराला निघाल्यासारखंही नाही. हळदीकुंकवाला किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाला जी साडी नेसता, ती या जेवणाला बरोबर बसते.

सुती साडी अंगाला चांगली, उकाड्यात बरी. पण कांजी केलेली सुती साडी तासभर गाडीवर बसलं की चुरगळते. बसनं बसायला जागा मिळणार असेल तर नेसा, नाहीतर नको. इरकल असेल तर उत्तमच. कर्नाटकातल्या इलकल गावावरून हे नाव आलं. अंगाचा भाग आणि पदर यांचे उभे धागे एकमेकांत अडकवून जोडायची त्यांची वेगळी रीत आहे. लाल पदरावर पांढरी नक्षी असते. आपल्या आज्या शेतात इरकल नेसायच्या म्हणून ती कमी दर्जाची, असं मनात आणू नका. शहरात तीच साडी आज कौतुकानं विकत घेतात.

पैठणी असेल तर ती केवढी भारी आहे ते बघा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर उलटा करून पाहिला तर मोर, वेल, फुलं मागूनही जवळपास पुढच्यासारखीच साफ दिसतात. मागे सुटे लोंबणारे धागे असतील तर ती यंत्रमागावरची सेमी पैठणी. सेमी असली तरी लाज काही नाही, दिसायला छान असते. फक्त दुकानदारानं खरी म्हणून खऱ्याचा भाव लावू नये, एवढ्यासाठी ही खूण लक्षात ठेवा. हातमागाच्या मालावर हँडलूम मार्क आणि अस्सल रेशमावर सिल्क मार्क अशी चिन्हं मिळतात, तीही मागून बघा.

नऊवारी नेहमी नेसत असाल तर नऊवारीच नेसा. ज्या साडीत आपण सहज चालतो, बसतो, ती साडी आपल्याला शोभते. सासूबाईंना सोबत नेत असाल तर त्यांनाही हेच सांगा. वयाच्या बाईला एका संध्याकाळपुरती सहावारी नेसायला लावून अवघडून टाकू नका.

जॉर्जेट, शिफॉन, पॉलिस्टर या साड्या हलक्या, चुरगळत नाहीत, गाडीवर सोयीच्या. पण एक सांभाळायचं. उभ्यानं जेवण असतं तिथं भाजीच्या भांड्यांखाली छोटे दिवे जळत असतात. कृत्रिम धाग्याचं कापड पेटलं की वितळतं आणि अंगाला चिकटतं. वाढून घेताना पदर मागून पुढं घेऊन कमरेला खोचा, मगच पुढं वाका. कुठलीही साडी असली तरी हे कराच.

दुसरा धोका गाडीचा. पदर नाहीतर ओढणी मागच्या चाकात अडकून बायका जीवानिशी गेल्यात. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारी जाळी मोटारसायकलला हवीच. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम तेच सांगतो. गाडी चांगली दिसावी म्हणून काही पोरं ती जाळी काढून टाकतात. ती परत बसवून घ्या. निघताना पदर पुढं घेऊन मांडीखाली दाबून बसा. हेल्मेट दोघांनीही घाला, केस तिथं पोचल्यावर विंचरता येतात.

आता तयारी. आठवडाभर आधी साडी पेटीतून काढा आणि सावलीत वाऱ्यावर टाका, म्हणजे डांबराच्या गोळीचा वास जातो. फॉल उसवला आहे का, ब्लाउज अंगाला बसतोय का, हुक जागेवर आहेत का ते बघा. बाळंतपणानंतर ब्लाउज घट्ट होतो, पण आत शिवणीला कापड धरलेलं असतं, ते उसवून सैल करता येतं. रेशमी साडीला इस्त्री उलट्या बाजूनं, मंद तापवून करा. जरीवर सुती कापड टाका.

मग एका संध्याकाळी साडी पूर्ण नेसून रंगीत तालीम करा. खाली बसा, उठा, जिना चढा. डाव्या हातात ताट धरून उजव्या हातानं जेवून बघा. पदर घसरला तर पिन कुठं हवी ते कळतं. हिरवळीवर टोकदार टाचेची चप्पल मातीत रुतते, म्हणून सपाट, रोजच्या पायातली, पुसून स्वच्छ केलेली चप्पल घाला. दागिना मोजका. मंगळसूत्र, कानातलं, दोन बांगड्या पुरतात. रात्री हायवेनं परत यायचं असेल तर जड सोनं घरी सुरक्षित ठेवा.

आता पैशाचं बोलू. समजा नवी साडी, ब्लाउज, चप्पल मिळून ५,००० रुपये लागतात आणि तुम्ही ते गटातून महिना २ टक्के व्याजानं उचलले. दर महिन्याला ५०० मुद्दल फेडत गेलात तर पहिल्या महिन्याला व्याज १००, मग ९०, मग ८०, असं करत दहा महिन्यांत ५५० रुपये व्याज जातं. म्हणजे एका रात्रीच्या जेवणासाठी ५,५५० रुपये आणि दहा महिने हप्ता. त्याच पैशात शेळीचा विचार होतो, पोरीची फी भागते. नवी साडी घेऊच नये असं मी म्हणत नाही. हौस बाईलाही असते. पण हौसेसाठी आधी साठवा, मग घ्या.

मैत्रिणीची साडी मागून नेसण्यातही कमीपणा नाही. रीत मात्र पाळा. फॉल काढू नका, पिनेनं जर फाडू नका, आणि डाग पडला तर झाकून न ठेवता सांगा. परत करताना घडी घालून, सुकवून द्या. तिच्यावर वेळ आली की आपलं कपाट उघडं ठेवा.

शेवटची गोष्ट घरातली. नवरा म्हणतो, "तिथं साडी नको, ड्रेस घाल," नाहीतर उलट, "डोक्यावरून पदर घे, माझी मान खाली जाईल." त्याचं म्हणणं ऐकून घ्या, तिथली माणसं त्याला माहीत आहेत. पण अंगावर काय घालायचं ते ठरवायचं आपणच. भांडण नको, शांतपणे विचारा, "अहो, मी कशात अवघडणार नाही, ते बघायचं का?" समजूतदार माणसाला एवढं पुरतं.

आणि एक विचार करा. आपल्यातली कुणी आशा ताई आहे, कुणी अंगणवाडी सेविका, कुणी सरपंच. आपल्या कार्यक्रमाला नवरा येतो तेव्हा पांढरा शर्ट घालून निघतो. त्याच्या शर्टावरून आपली किंमत कुणी ठरवत नाही. मग आपल्या साडीवरून त्याची किंमत ठरते, हे ओझं आपणच का वाहायचं? ज्या पगारावर ती पार्टी होते, त्या पगारामागे पहाटे उठून भरलेला डबा आपला असतो. आपण तिथं निमंत्रित म्हणून जातो. नजर वर ठेवून नमस्कार करायचा, नाव सांगायचं, आपण काय काम करतो तेही सांगायचं.

पुढच्या बैठकीत एक करा. प्रत्येकीनं आपली एक चांगली साडी आणा. कुठली कशाला चालेल, कुणाचा फॉल लावायचाय, कुणाला कुणाची साडी देता येईल, हे एकमेकींत ठरवा. तासाभराचं काम आहे, पण निमंत्रण आल्यावर कुणी "मला नको" म्हणणार नाही.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.