विश्रांतीचे दोन अर्थ : परिसरसंगीत, निर्गीत आणि ध्यान

ध्यानासाठी किंवा विसाव्यासाठी रचलेले वाद्यसंगीत हा गेल्या अर्धशतकात एक स्वतंत्र संगीतप्रकार म्हणून स्थिरावला आहे. त्यात बहुधा शब्द नसतात, ठळक ताल नसतो आणि पुष्कळदा गुणगुणता येईल अशी धूनही नसते. एक स्वर लांबत जातो, त्यात दुसरा मिसळतो; श्रोत्याने लक्ष दिले तरी चालते, न दिले तरी चालते. इंग्रजीत यास ‘अँबियंट’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘परिसरसंगीत’ हा शब्द योजला आहे. त्यास व्युत्पत्तीचाही आधार आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘भोवती जाणे’ असा असून ‘परि’ आणि ‘सृ’ या घटकांतून निघणारा अर्थही तोच आहे. हे संगीत श्रोत्याच्या भोवती पसरते; समोर बसून ऐकण्याची अपेक्षा ते करीत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने त्याची दखल का घ्यावी, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. या संगीताचे प्रयोजन सांगताना ‘विश्रांती’ हा शब्द सर्रास वापरला जातो, आणि हाच शब्द अभिनवगुप्ताने रसास्वादाचे स्वरूप सांगताना वापरला आहे. विघ्नरहित अशा प्रतीतीत संवित् स्वतःच्या ठायी विसावते. हीच त्याच्या मते रसाची विश्रांती. शिणलेल्या मनाचा विसावा आणि ही विश्रांती एकच काय? या प्रश्नाचे उत्तर न शोधता शब्द तसाच वापरीत राहिलो, तर एका मोलाच्या संज्ञेचा अर्थ आपल्या हातून निसटेल.

प्रथम या संगीताची घडण पाहू. फ्रेंच रचनाकार एरिक साती याने १९१७ मध्ये ‘फर्निचर-संगीत’ अशी कल्पना मांडली. खोलीत खुर्चीमेज असावे तसे संगीत असावे, त्याकडे कोणी मुद्दाम पाहू नये, असा तिचा आशय होता. पुढे १९७५ च्या सुमारास ब्रायन ईनो हा इंग्रज संगीतकार अपघातानंतर अंथरुणावर असताना हार्पची एक ध्वनिमुद्रिका लावली गेली. आवाज फार बारीक होता आणि उठून तो वाढविणे त्यास शक्य नव्हते. बाहेर पाऊस पडत होता. पावसाच्या आवाजात स्वर मधूनच वर येत, मधूनच बुडत. संगीत हे भोवतालच्या ध्वनींचाच एक भाग होऊ शकते, ही जाणीव त्यास या अनुभवातून झाली. १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’ या मुद्रिकेत त्याने तिला तंत्राची जोड दिली. तिच्यातील एका रचनेत शब्दहीन कंठस्वर वेगवेगळ्या लांबीच्या फितींवर फिरतात. एक सुमारे २३.५ सेकंदांनी परततो, दुसरा सुमारे २६ सेकंदांनी. प्रत्येक स्वर ठरलेल्या वेळी येतो, तथापि त्यांचे मेळ सहसा पुन्हा जुळून येत नाहीत. म्हणून ऐकणाऱ्यास पुनरावृत्तीचा कंटाळा येत नाही आणि पुढे काय येणार याची उत्कंठाही लागत नाही. मन सैल होते ते या दुहेरी सुटकेमुळे.

या संगीताची भारतातील वाटचाल पाहू लागल्यास जबलपूरपाशी थांबावे लागते. आचार्य रजनीश १९५१ मध्ये येथे शिकावयास आले आणि १९६६ पर्यंत येथेच तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते. त्या काळात त्यांचे माध्यम प्राधान्याने व्याख्यान, म्हणजे शब्द, हेच होते. १९७० मध्ये ते मुंबईस आणि १९७४ मध्ये पुण्यास गेले. पुण्याच्या आश्रमात गेऑर्ग डॉयटर या जर्मन संगीतकाराने त्यांच्या ध्यानपद्धतींसाठी वाद्यसंगीत रचले. त्यांच्या शिकवणुकीविषयी तीव्र मतभेद आहेत. आपणांस येथे केवळ रचनेचा विचार कर्तव्य आहे. ‘कुंडलिनी’ ध्यानाचा एक तास पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार टप्प्यांत विभागलेला आहे. पहिल्यात शरीर सैल सोडून थरथरू द्यावयाचे, दुसऱ्यात नाचावयाचे, तिसऱ्यात निश्चल राहून ऐकावयाचे. चौथ्या टप्प्यात संगीतच थांबते आणि साधक निःशब्द पडून राहतो. ईनोचे संगीत परिसरात राहण्यासाठी आहे, तर डॉयटरचे संगीत निघून जाण्यासाठी आहे. हा भेद मूलगामी आहे.

जबलपूरहून कटनीमार्गे लोहमार्गाने गेल्यास मैहर लागते. तेथे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या साथीनंतर अनाथ मुलांना हाताशी धरून वाद्यवृंद उभारला आणि बंदुकीच्या नळ्या कापून ‘नलतरंग’ घडविला. वाद्यप्रयोग ही आपल्याकडे आयात झालेली वस्तू नव्हे, हे दाखविण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे. मात्र मैहरचा प्रयोग एकाग्र श्रोता मागतो. परिसरसंगीताशी आपले अधिक जवळचे नाते शोधावयाचे तर ते तंबोऱ्यात सापडते. मिरजेचे कारागीर ज्यासाठी ख्यातनाम आहेत ती जवारी म्हणजे नेमके काय? घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठावर तार टेकत-सुटत कंप पावते. तिच्याखाली सरकविलेला सुताचा दोरा योग्य जागी आला की एका तारेतून अनेक उपस्वर उमटून स्वर भरून येतो. मैफलीत तंबोरा सर्वांना ऐकू येतो, पण तंबोराच ऐकावयास कोणी येत नाही. अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेस होते. त्यांच्याच किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेस गेले आणि ला माँट यंग व टेरी रायली हे तेथील प्रयोगशील रचनाकार त्यांचे शिष्य झाले. दीर्घ, अचल स्वराचे आकर्षण यंगला त्याआधीपासूनच होते. तंबोऱ्याने त्यास शिस्त दिली, असे म्हणता येईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायात पूर्वरंगाचे वर्णन आहे. प्रयोगापूर्वी पडद्याआड वाद्ये लावली जातात, जुळविली जातात, आणि सार्थ शब्दांवाचूनचे ‘निर्गीत’ वाजविले जाते. अर्थहीन वादनास शास्त्रात स्थान आहे, आणि ते नाट्याच्या उंबरठ्यावर आहे. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची जी सात विघ्ने सांगितली, त्यांतील एक म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखांनी विवश होऊन बसणे. घरची चिंता घेऊन आलेल्या माणसास दुसऱ्याच्या भावविश्वात प्रवेश कसा मिळावा? त्यावरील उपायांत तो वाद्य, गान आणि मंडपाची शोभा यांची गणना करतो. र. पं. कंगले यांच्या ‘रस-भाव-विचार’ (१९७३) या ग्रंथामुळे हे विवेचन मराठी वाचकास सुलभ झाले आहे.

या विवेचनाच्या प्रकाशात परिसरसंगीताचे स्थान स्पष्ट होते. ते विघ्न दूर करते. मनावरील ‘मी’ आणि ‘माझे’ यांची पकड ते सैल करते, आणि हे कार्य क्षुल्लक नव्हे. परंतु सैल झालेले मन म्हणजे विसावलेली संवित् नव्हे. रसातील विश्रांतीत चर्वणा आहे, जाग आहे. शिणवटा गेल्यावर येते ती पुष्कळदा केवळ झोप. परिसरसंगीतास शांतरस म्हणणारे दाराला घर समजतात, आणि त्यास निव्वळ गुणगुण म्हणून झिडकारणारे घरास दार लागते हे विसरतात.

योगपरंपरेने या दारापुढची वाटही सांगून ठेवली आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या वर्णनाबरोबर अनाहत नादाचा निर्देश येतो. पंधराव्या शतकातील ‘हठयोगप्रदीपिके’त नादानुसंधानाचा क्रम दिला आहे. साधकास आतून प्रथम समुद्र, मेघ, भेरी यांसारखे स्थूल ध्वनी ऐकू येतात, मग मर्दल, शंख, घंटा यांचे, आणि शेवटी किंकिणी, वेणू, वीणा व भ्रमर यांचे सूक्ष्म ध्वनी. स्थूलाकडून सूक्ष्माकडे आणि सूक्ष्माकडून निःशब्दाकडे, असा हा क्रम आहे. येथे अवधान उत्तरोत्तर तीक्ष्ण होत जाते, हे विशेष लक्षात घ्यावयास हवे.

तेव्हा या संगीताकडे नव्याने वळणाऱ्या श्रोत्यास एक साधी कसोटी सांगता येईल. ध्वनी थांबल्यावर जी शांतता उरते, तीत आपण अधिक जागे आहोत काय? तसे असेल तर त्या वादनाने पूर्वरंगाचे काम चोख केले. तसे नसेल तर त्याने आपला शीण तेवढा घालविला. त्याचेही आभार मानावेत, मात्र त्यास अभिनवगुप्ताचा शब्द देऊ नये.