विश्लेषण : इंकांची ‘पवित्र दरी’ एका दिवसात… काय दिसते, काय निसटते?

माचू पिचू पाहायला पेरूत गेलेले बहुतेक प्रवासी आधी कुस्को या शहरात उतरतात. तेथून एक दिवस मोकळा ठेवून, गाडी आणि मार्गदर्शक ठरवून, जवळच्या ‘पवित्र दरी’ची खासगी सहल केली जाते. इंका अवशेष आणि डोंगरातील गावे असे दोन्ही पाहण्याची ही संधी. मात्र हा दिवस कसा आखला जातो, यावर प्रवाशाला काय दिसणार आणि गावाला काय मिळणार, हे ठरते.

पवित्र दरी म्हणजे काय?

अँडीज पर्वतातील उरुबांबा नदीचा पिसाक ते ओयांतायतांबो या गावांदरम्यानचा पट्टा म्हणजे पवित्र दरी. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, तर दरीचा तळ साधारण २,८०० ते ३,००० मीटरवर. त्यामुळे येथील हवा तुलनेने उबदार आणि मक्याला पोषक. पंधराव्या शतकात इंका राजांनी येथे आपल्या खासगी जहागिरी वसवल्या. आज दिसणारे अवशेष बहुतांशी त्याच काळातील आहेत.

क्रम का महत्त्वाचा?

मोठ्या बसच्या सहली साधारण एकाच वाटेने जातात. सकाळी पिसाक, दुपारी उरुबांबा गावात जेवण, मग ओयांतायतांबो आणि परतताना चिंचेरो. साहजिकच सगळी गर्दी एका वेळी एका जागी होते. खासगी सहलीत वेळ आणि क्रम बदलता येतो, हा तिचा खरा फायदा. दुसरा मुद्दा उंचीचा. चिंचेरो सुमारे ३,७६० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षाही उंच आहे. नुकतेच विमानातून उतरलेल्यांना तेथे डोकेदुखी, मळमळ, धाप असा त्रास होऊ शकतो. म्हणून शरीराला सवय होईपर्यंत आधी दरीतील सखल ठिकाणे पाहणे शहाणपणाचे. स्थानिक लोक कोकाच्या पानांचा चहा देतात. पेरूत तो कायदेशीर आहे. मात्र ही पाने भारतात आणणे गुन्हा ठरतो.

अवशेषांत काय पाहावे?

पिसाकला डोंगराच्या कडेने उतरत गेलेली पायऱ्यांची शेती आहे. दगडी बांध, आत मुरूम-खडीचा थर आणि वर सुपीक माती अशी तिची रचना. पावसाचे पाणी मुरते, पण माती वाहून जात नाही. समोरच्या कड्यात दिसणारी असंख्य भोके म्हणजे इंकांच्या कबरी.

ओयांतायतांबोच्या सूर्यमंदिरात गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत. त्या नदीपलीकडच्या डोंगरातील खाणीतून, चाकाच्या गाड्यांशिवाय आणल्या गेल्या. वाटेतच राहून गेलेल्या शिळांना लोक ‘थकलेले दगड’ म्हणतात. १५३७ मध्ये मांको इंका याने येथेच स्पॅनिश सैन्याला माघार घ्यायला लावली. पाण्याचे प्रवाह वळवून त्याने खालचे मैदान भिजवले आणि घोडदळ अडकवले. खालच्या गावातील गल्ल्या आजही इंकांनी आखलेल्याच आहेत. त्यांच्या कडेने वाहणारे पाटही त्याच काळचे, आणि तेथे लोक राहतात.

मोराय येथे वर्तुळाकार पायऱ्या खोल उतरत गेल्या आहेत. वरच्या आणि तळाच्या पायरीवरील तापमानात फरक पडतो. त्यामुळे ही पिकांची प्रयोगशाळा असावी, असे अनेक मार्गदर्शक ठामपणे सांगतात. अभ्यासकांमध्ये मात्र त्यावर एकमत नाही.

गावांत काय घडते?

मारास येथे डोंगरातून खारट पाण्याचा झरा येतो. ते पाणी उतारावरील तीन हजारांहून अधिक वाफ्यांत सोडले जाते. आपल्याकडच्या मिठागरांसारखेच हे काम, फक्त समुद्राविना. वाफे गावातील कुटुंबांच्या मालकीचे आहेत. मीठ कोरड्या ऋतूत, म्हणजे साधारण मे ते ऑक्टोबरमध्ये निघते. पावसाळ्यात वाफे मातकट दिसतात. मीठ दूषित होऊ नये म्हणून पर्यटकांना आता वाफ्यांमधून चालू देत नाहीत.

चिंचेरोत इंका राजवाड्याच्या भिंतींवर स्पॅनिशांनी चर्च उभारले. येथील स्त्रिया कमरेला बांधायच्या मागावर विणतात. निवडुंगावर वाढणारा किडा चुरडून त्या लाल रंग काढतात; त्यात लिंबू पिळले की छटा बदलते. या गावांत ‘आयनी’ ही प्रथा टिकून आहे. आज मी तुझ्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या शेतात ये. मराठी शेतकरी याला ‘सावड’ म्हणतात.

वाद कशावरून?

चिंचेरोच्या पठारावर नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधला जात आहे. २०१९ मध्ये जमीन सपाट करण्याचे काम सुरू झाले, तेव्हा अनेक पुरातत्त्वज्ञांनी विरोध केला. पठारावर इंकांचे रस्ते, बांध आणि पाटबंधारे आहेत. विमाने आणि गर्दी वाढली तर त्यांना धोका पोहोचेल, असे त्यांचे म्हणणे. दुसरीकडे, रोजगार मिळेल आणि जमिनीचे भाव वाढतील म्हणून गावातील अनेकांना विमानतळ हवा आहे.

सहल ठरवताना काय विचारावे?

पिसाक, ओयांतायतांबो, मोराय आणि चिंचेरो एकाच पर्यटन तिकिटात येतात. मारासचे तिकीट वेगळे. ही पाचही ठिकाणे एका दिवसात उरकली तर प्रत्येक जागी धावपळच होते. तीन ठिकाणे निवांत पाहणे बरे. मार्गदर्शक परवानाधारक आहे का, हे आधी पाहावे. गाडी कोणत्या दुकानापाशी आणि कोणाच्या घरी जेवायला थांबणार, तेही विचारावे. शाल विणणाऱ्या बाईच्या हातात पैसे पडणार की रस्त्यावरच्या मोठ्या दुकानदाराच्या, हे त्या थांब्यावर ठरते.