३१० रुपयांचा बल्ब ३८ वर कसा आला?

एलईडी बल्बचं पांढरं टोपण काढून आत पाहा. तिथे बारीक पिवळे ठिपके दिसतात. ठिपक्याखालची चिप निळा प्रकाश देते, वरचा पिवळा थर त्यातला काही भाग पिवळा करून सोडतो आणि दोन्ही मिसळले की आपल्या डोळ्यांना ते पांढरं वाटतं. हा निळा रंग साधायला शास्त्रज्ञांची कित्येक वर्षं गेली. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्याच वर्षी भारतात जे घडू लागलं, ते मला या निळ्या चिपइतकंच अचाट वाटतं. जानेवारी २०१४ मध्ये सरकारी खरेदीत असा एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता. २०१६ मध्ये तो ३८ रुपयांना पडू लागला. आणि केंद्र सरकारने त्यावर अनुदान दिलेलंच नव्हतं!

खरेदी करणारी कंपनी होती ईईएसएल. ऊर्जा मंत्रालयाच्या सार्वजनिक कंपन्यांनी मिळून ती २००९ मध्ये काढली. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेली देशव्यापी योजना पुढे ‘उजाला’ म्हणून ओळखली गेली. ईईएसएलने सगळा माल एकदम उचलला नाही. ती पुन्हापुन्हा निविदा काढत राहिली आणि दर खेपेला भाव खाली आला. एवढं मोठं गिऱ्हाईक समोर दिसल्यावर कारखानदारांनी उत्पादन वाढवलं. उत्पादन वाढलं तसा खर्च उतरला. दुकानदाराची साखळी, जाहिरात, ‘माल खपेल की नाही’ ही धास्ती, हे सगळं मधून गळालं. खुल्या बाजारातले भावही मग मागोमाग घसरले.

पण खरी गंमत पुढे आहे. हे बल्ब घरोघरी पोचले ते वीज वितरण कंपन्यांमार्फत. वीज विकणं हाच जिचा धंदा, ती वितरण कंपनी वीज कमी खपावी म्हणून बल्ब का वाटेल? कारण छोट्या घरगुती ग्राहकाला दिलेलं युनिट तिला बहुधा तोट्यातच जातं. त्यात घरोघरचे दिवे लागतात संध्याकाळी, म्हणजे मागणी टोकाला पोचलेली असते आणि बाहेरून घेतलेली वीज महाग पडते, नेमकं तेव्हा. न विकलेलं ते युनिट कंपनीच्या पथ्यावरच पडतं. म्हणून कुठे कंपनीने वाचलेल्या पैशातून ईईएसएलचा खर्च भागवला, तर कुठे ग्राहकाने सुरुवातीला १० रुपये देऊन उरलेली रक्कम वीजबिलातून हप्त्याने फेडली. साठ वॉटचा पिवळा बल्ब काढून नऊ वॉटचा लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर वर्षाला नव्वदेक युनिट वाचतात. हप्ता त्यातूनच निघतो.

या योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक बल्ब गेले, त्यातले दोन कोटींहून अधिक महाराष्ट्रात. सरकारी अंदाजानुसार त्यामुळे टोकाची मागणी सुमारे ९,५०० मेगावॉटने टळली. आपल्या कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॉटच्या घरात आहे. म्हणजे जवळजवळ पाच कोयना बांधाव्याच लागल्या नाहीत! अर्थात, हा आकडा मीटरवर मोजलेला नाही, गृहीतकांवरून काढलेला आहे. काही घरांत आधीच सीएफएल होते, तिथली बचत कमीच धरायला हवी. अंदाज निम्मा केला तरी मी थक्कच होईन.

मग हाच डाव पंख्यांवर का टाकू नये? साध्या छताच्या पंख्याला सत्तर-पंचाहत्तर वॉट लागतात, बीएलडीसी मोटरच्या पंख्याला तीसेक. छताच्या पंख्यांवर स्टार लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं आणि ईईएसएलने एक कोटी कार्यक्षम पंख्यांचा कार्यक्रमही जाहीर केला. इथे मात्र वेगळीच अडचण आहे. जुना बल्ब काही महिन्यांत उडायचा, त्यामुळे नवा आणणं भागच पडे. पंखा उडत नाही. कपॅसिटर बदलला की तो आणखी पाच वर्षं गरगरतो, आणि चालता पंखा काढून टाका म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांना पटवणं कुठल्याही निविदेच्या आवाक्यात नाही.